बोस्टनच्या दप्तरखान्यातले क्रांतियुद्ध

तालुक्याच्या ठिकाणी इतिहास मंडळ चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, मुलीकडे बोस्टनला जाण्याचा योग आला आहे, तेव्हा तेथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीमध्ये अमेरिकेच्या क्रांतियुद्धाविषयी नेमके काय जमवलेले आहे, त्यातले काय पाहावे, आणि निव्वळ जुन्या कागदांच्या बळावर ही मंडळी वर्षभर कार्यक्रम तरी कशी करतात. आपल्या मंडळाकडे सात-आठ रुमाल (फडक्यात बांधलेले गठ्ठे) मोडी कागद आणि दोन तलवारी आहेत, त्यांचे काय करावे, आणि परत आल्यावर पहिला कार्यक्रम कोणता करावा, हेही प्रश्न त्यांनी ओघाने घातले आहेत. दप्तरखान्यांत तीसएक वर्षे काम केल्यामुळे मला या संस्थेच्या संग्रहाशी बराच काळ व्यवहार करावा लागला. त्या अनुभवावरून त्यांनाच उद्देशून लिहितो.

संस्था २४ जानेवारी १७९१ रोजी जेरेमी बेल्कनॅप या पाद्रीने नऊ सहकाऱ्यांना घेऊन स्थापन केली. अमेरिकेतील ही सर्वांत जुनी इतिहाससंस्था होय. यॉर्कटाउनला इंग्रज फौजेची शरणागती १७८१ची, तह १७८३चा, म्हणजे संस्था निघाली तेव्हा युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. लढलेली माणसे हयात होती, त्यांच्या कपाटांत पत्रे होती आणि त्यांच्या विधवा व मुले ती पत्रे चुलीत घालण्याच्या बेतात होती. बेल्कनॅपने आपला मित्र एबेनेझर हझार्ड याला लिहिले होते की, वस्तू आपोआप ओटीत पडतील म्हणून घरी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, सावजासाठी लांडग्यासारखे हिंडले पाहिजे. हे वाचताना मराठी माणसाला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांची पायपीट आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की, राजवाडे पेशवाई बुडाल्यावर ऐंशी वर्षांनी वाड्यांच्या माळ्यांवर चढले, तर बेल्कनॅपला साक्षीदारांच्या घरी जाऊन प्रत्यक्ष त्यांनाच विचारता आले. आपल्याकडे एवढा उशीर व्हायला कारणे होती, पण त्या उशिरात काय गेले याचा अंदाज मॅसॅच्युसेट्सचा संग्रह पाहिल्यावर येतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पॉल रिव्हिअरचे पत्र. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज बोस्टनहून कॉन्कर्डकडे निघाली, ती बातमी घेऊन घोडदौड करणारा हा चांदीकाम करणारा कारागीर. बेल्कनॅपने त्याच्याकडून ती हकिगत लिहून घेण्याचे वचन मिळवले होते आणि १७९८ च्या सुमारास त्याने ती पूर्ण लिहून पाठवली. सहीपाशी ‘१७७५ सालचा एक स्वातंत्र्यपुत्र’ असे लिहून त्याने ‘माझे नाव छापू नये’ अशी सूचनाही केली होती. संस्थेने ते पत्र आपल्या ग्रंथमालेत छापले आणि नावासकट छापले! संपादकाने लेखकाचा शब्द मोडला हे खरे, पण नाव गाळले असते तर आज ही साक्ष कोणाची यावर शंभर निबंध निघाले असते, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतल्या मुलांना ही दौड ठाऊक असते ती लाँगफेलोच्या कवितेतून, आणि ती कविता १८६० सालची, म्हणजे घटनेनंतर पंचाऐंशी वर्षांनी लिहिलेली. कवितेत रिव्हिअर नदीपलीकडे घोड्याजवळ उभा राहून चर्चच्या मनोऱ्यावर कंदील दिसण्याची वाट पाहतो आणि पुढे थेट कॉन्कर्ड गाठतो. पत्रात मात्र कंदिलांची खूण रिव्हिअरनेच आधी ठरवून दिलेली आहे. फौज पाण्याने निघाली तर दोन कंदील आणि जमिनीने निघाली तर एक, ही खूण चार्ल्सटाउनच्या लोकांसाठी होती, कारण आपल्याला नदी ओलांडता आली नाही तर बातमी अडकू नये अशी त्याची सावधगिरी होती. तो नदी ओलांडून गेला, लेक्सिंग्टनला पोहोचला, पण कॉन्कर्डच्या वाटेवर इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला पकडले आणि पुढची बातमी सॅम्युएल प्रेस्कॉट नावाच्या तरुण डॉक्टरने नेली.

याच हकिगतीविषयी रिव्हिअरने १७७५ मध्ये दिलेल्या जबानीचा कच्चा खर्डा आणि स्वच्छ प्रत, दोन्ही याच संस्थेत आहेत. त्या काळी वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसला ‘पहिली गोळी इंग्रजांनी झाडली’ असे ठामपणे सांगणाऱ्या साक्षी हव्या होत्या. रिव्हिअर लेक्सिंग्टनच्या मैदानाजवळून जॉन हॅनकॉकची कागदपत्रांची पेटी हलवण्यात गुंतला होता. त्याने बंदुकीचा एक बार ऐकला, मान वळवली तेव्हा फौजेच्या पुढे धूर दिसला, मग फौजेने मोठी आरोळी ठोकली आणि गोळीबार सुरू झाला, एवढेच तो जबानीत सांगतो. गोळी कोणी झाडली हे तो सांगत नाही. छापलेल्या जबान्यांत त्याची जबानी आली नाही. ज्या कागदाचा प्रचाराला उपयोग नव्हता तोच आज आपल्याला अधिक विश्वासाचा वाटतो. आपण तेथे गेलात आणि एकच गोष्ट पाहायला वेळ मिळाला, तर खर्डा, स्वच्छ प्रत आणि पुढचे पत्र हे तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. त्यांच्या सुस्पष्ट प्रतिमा संस्थेने संगणकावर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी घरबसल्याही ते करता येईल.

आता चहा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या, सुमारे ९२,००० पौंड चहा, इंग्रजांच्या कराच्या निषेधार्थ समुद्रात टाकला गेला. त्यातली काही पाने दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्चेस्टरच्या किनाऱ्यावर गोळा केली असे सांगणारी एक काचेची बाटली संस्थेत आहे. बाटलीत काळपट पानांचा चुरा आहे, एवढेच. पाहुण्यांची गर्दी मात्र तिच्याभोवती सर्वाधिक असते. माझ्यासारख्याचे लक्ष तिच्यावरच्या चिठ्ठीकडे जाते. ही पाने कोठे आणि कोणत्या सकाळी गोळा केली हे सांगणारा तो कागद नसता, तर ती बाटली कोणत्याही वाण्याच्या दुकानातली ठरली असती. हा चहा चीनमधला, ईस्ट इंडिया कंपनीचा. तीच कंपनी दीड वर्षाच्या आत, मार्च १७७५ मध्ये, सुरत येथे रघुनाथरावांशी तह करत होती, आणि मार्च १७७६ मध्ये इंग्रज फौजा बोस्टन सोडून जहाजांवर चढत होत्या, त्याच महिन्यात पुरंदरचा तह होत होता. मी दोन्हीकडची कागदपत्रे हाताळली आहेत, म्हणून हा योग मनातून जात नाही. त्यातून फार मोठा सिद्धांत काढण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

चहाच्या त्याच रात्रीविषयी जॉन रो या व्यापाऱ्याची रोजनिशी संस्थेत आहे. चहा घेऊन आलेल्या जहाजांपैकी ‘एलिनॉर’ हे त्याचे. सांगोवांगी अशी आहे की, त्या दिवशीच्या सभेत रोनेच उठून, खाऱ्या पाण्यात चहा कसा काय होईल, असा प्रश्न टाकला आणि सभागृह दणाणले. रोजनिशीत मात्र रो लिहितो की, प्रकृती थोडी बरी नव्हती म्हणून दिवसभर आणि संध्याकाळभर घरीच होतो. मग खरे काय? जहाजाचा मालक असलेल्या माणसाला ‘मी घरी होतो’ असे लिहून ठेवण्याची गरज वाटली असेल, हेही शक्य आहे. रोजनिशी म्हणजे सत्य आणि दंतकथा म्हणजे असत्य, असे सोपे समीकरण आमच्या धंद्यात चालत नाही. साक्षीदाराला काय लपवायचे होते, हा प्रश्न रोजनिशीलाही विचारावा लागतो.

कागदांचा खरा डोंगर अॅडम्स घराण्याचा आहे. संस्थेत एकूण एक कोटीहून अधिक हस्तलिखित पाने आहेत, आणि त्यांत दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स, त्यांच्या पत्नी अॅबिगेल आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या यांच्या कागदांचा मान पहिला. घराण्याच्या विश्वस्तांनी तो संग्रह १९५६ मध्ये संस्थेला दिला. त्याची सूक्ष्मचित्रफीत (मायक्रोफिल्म) काढली तेव्हा ६०८ रिळे भरली. १९५४ पासून या कागदांच्या संपादनाचा स्वतंत्र विभाग चालू आहे. जॉन आणि अॅबिगेल यांची एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे त्यात आहेत.

त्यातले ३१ मार्च १७७६ चे अॅबिगेलचे पत्र जगभर उद्धृत होते, कारण त्यात तिने नव्या कायद्यात ‘स्त्रियांची आठवण ठेवा’ असे नवऱ्याला बजावले आहे. उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पत्र वरपासून खालपर्यंत वाचलेले असते, अशी माझी तक्रार आहे. इंग्रज फौज बोस्टन सोडून गेल्याला त्या वेळी दोनच आठवडे झाले होते. शहरातल्या आपल्या घराचे काय झाले हे तिने माणूस पाठवून पाहून घेतले होते. पलटणीतला एक डॉक्टर तेथे राहून गेला, घर फार घाण केले आहे, पण आणखी नुकसान नाही, असे ती कळवते. देवीच्या साथीची भीती वाटते, नाहीतर मी स्वतःच गेले असते, हेही सांगते. दुसऱ्यांना गुलाम करून ठेवणाऱ्या व्हर्जिनियाच्या लोकांना स्वातंत्र्याची ओढ खरोखर तितकीच प्रबळ असेल का, अशी शंका ती त्याच पत्रात बोलून दाखवते. घर, रोग, गुलामी आणि कायदा हे सगळे एकाच बैठकीत, एकाच शाईने लिहिलेले आहे. जॉनने १४ एप्रिलला उत्तर दिले, ते असे की, तुझी ही विलक्षण कायदेसंहिता वाचून मला हसू आवरत नाही. ते हसू वाचकाला आज खटकते. पण पत्र आणि उत्तर दोन्ही शिल्लक राहिली म्हणूनच ते खटकू शकते. आपल्याकडच्या बहुतेक पत्रव्यवहारांत एकच बाजू हाती लागते.

हार्बॉटल डोर या दुकानदाराबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण आपल्या मंडळाला तो सर्वांत जवळचा वाटेल. तो ना सेनापती, ना पुढारी. १७६५ पासून त्याने बोस्टनची साप्ताहिक वृत्तपत्रे राखून ठेवायला सुरुवात केली आणि १७७६ पर्यंत हा नेम चालवला. वाचताना तो समासात टिपणे करी. टोपणनावाने लिहिणारा खरा कोण, अमुक गृहस्थ तेव्हा काय म्हणत होता आणि पुढे कसा फिरला, ही बातमी मागच्या कोणत्या पानाशी ताडून पाहावी, असे सगळे त्यात आहे. पुढे त्याने पानांना क्रमांक घातले आणि स्वतःच्या हाताने सूचीही केली. असे चार खंड, तीन हजारांहून अधिक पाने! तीन खंड संस्थेकडे पूर्वीपासून होते, उरलेला एक याच शतकात मिळाला आणि संच पुरा झाला. क्रांती घडत असताना एका सामान्य वाचकाचे मन आठवड्यागणिक कसे तापत गेले हे या समासांत दिसते, आणि तसे दाखवणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. संस्थेने सर्व पाने संगणकावर घातली आहेत आणि डोरच्या स्वतःच्या सूचीवरून ती शोधता येतात.

तलवारींचा प्रश्न आपण विचारलात, म्हणून त्या दोन तलवारींची गोष्ट. १७ जून १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत वसाहतीच्या बाजूने कर्नल विल्यम प्रेस्कॉट होता, आणि समोर पाण्यातून तोफा डागणाऱ्या ‘फाल्कन’ या इंग्रज जहाजावर कप्तान जॉन लिंझी. पुढे प्रेस्कॉटचा नातू, इतिहासकार विल्यम हिकलिंग प्रेस्कॉट, याचे लग्न लिंझीच्या नातीशी झाले. दोन्ही आजोबांच्या तलवारी त्याने आपल्या ग्रंथालयात एकमेकींवर आडव्या टांगल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर त्या संस्थेकडे आल्या आणि तशाच जोडीने ठेवल्या गेल्या. लोखंड म्हणून पाहिले तर दोन्ही सामान्य आहेत. कोणत्या घरातून आल्या, का एकत्र होत्या आणि कोणी दिल्या हे लेखी असल्यामुळेच त्यांना किंमत आहे.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका संस्थेत आम्ही रुमाल सोडून कागद साफ करत होतो. वाळवी आणि कसर लागलेली होती, म्हणून जुनी फडकी जाळली. त्या फडक्यांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या होत्या, कोणाच्या घरातून कोणता रुमाल आला याच्या. कोणीतरी त्या चिठ्ठ्याही फडक्यांबरोबर टाकल्या आणि मी समोर असून पाहिले नाही. कागद वाचले, पण पुढे एका वादग्रस्त पत्राबद्दल ‘हे कोणाच्या दप्तरातले’ असे विचारले गेले तेव्हा उत्तर नव्हते. आपल्या सात-आठ रुमालांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक फडके, गाठ आणि चिठ्ठी यांचे छायाचित्र घ्यावे, दाखल नोंदवहीत दात्याचे नाव व गाव लिहावे आणि कागदांचा मूळ क्रम मोडू नये. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये. बाकीची दुरुस्ती नंतरही होते, हरवलेल्या नोंदीची मात्र होत नाही.

या संग्रहाला उणिवाही आहेत. राजनिष्ठ घराणी, म्हणजे इंग्रज सत्तेच्या बाजूचे लोक, मार्च १७७६ मध्ये फौजेबरोबर हजाराहून अधिक संख्येने बोस्टन सोडून गेले आणि त्यांची कित्येक दप्तरे नोव्हा स्कोशिया व इंग्लंडच्या वाटेला गेली. साहजिकच येथे उरलेला आवाज प्रामुख्याने जिंकलेल्यांचा आहे. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत उणीव याहून मोठी. ‘बक्स ऑफ अमेरिका’ नावाच्या कृष्णवर्णीय तुकडीचे रेशमी निशाण संस्थेत आहे, त्यावर झेपावणारे हरीण आणि पाइनचे झाड आहे. पण त्या तुकडीविषयी कागद जवळजवळ नाहीतच, निशाणच काय ते बोलते. याउलट जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल व इतरांनी गुलामगिरीतून मुक्ततेसाठी विधिमंडळाकडे केलेल्या अर्जाची हस्तलिखित प्रत बेल्कनॅपच्या कागदांत टिकली. बेल्कनॅपला सगळेच गोळा करण्याची खोड होती, तिचे हे फळ. १७८१ मध्ये न्यायालयात जाऊन स्वतःचे स्वातंत्र्य मिळवणारी एलिझाबेथ फ्रीमन हिचे हस्तिदंतावर काढलेले १८११ चे छोटे चित्र आणि तिच्या सोन्याच्या मण्यांचे कंकण, हेही तेथे आहे. तिच्या दाव्याचा आधार १७८० च्या मॅसॅच्युसेट्स राज्यघटनेतील ‘सर्व माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात’ हे कलम होते, आणि त्या घटनेचा मसुदा मुख्यतः जॉन अॅडम्सचा. पत्नीच्या कायदेसंहितेला हसणाऱ्या माणसाचे वाक्य त्याच्या कल्पनेपलीकडे जाऊन कोणाच्या कामी आले, हे एकाच इमारतीत दिसते.

आता कार्यक्रम. प्रदर्शने, व्याख्याने, संशोधकांच्या चर्चासभा, अभ्यासवृत्ती, शिक्षकांसाठी कार्यशाळा आणि शाळकरी मुलांची इतिहास स्पर्धा, असा वर्षभराचा व्याप असतो. त्यांतील व्याख्याने कोठल्याही संस्थेत होतात तशी होतात, त्यावर शब्द खर्च करत नाही. शिक्षकांच्या कार्यशाळा मात्र पाहण्यासारख्या. तेथे क्रांतीवर भाषण देण्याऐवजी एक कागद हाती देतात आणि हा कोणी, कोणाला, कधी लिहिला, त्याला काय माहीत नव्हते, हे शिक्षकांकडूनच काढून घेतात. १७६४ ते १७७६ या काळातली निवडक पत्रे, वृत्तपत्रे आणि पत्रके प्रश्नांसह मांडलेला एक संचही शाळांसाठी संगणकावर खुला आहे. बेल्कनॅपच्या पिढीचे म्हणणे होते की, ऐतिहासिक कागद जपण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांच्या प्रती वाढवणे. १७९२ पासून ते छापत आले, आता प्रतिमा देतात. कार्यक्रमांचे भांडवल मूळ कागदांच्या या प्रतीच आहेत, आणि हे आपल्याला तालुक्यातही जमण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष भेटीविषयी थोडे. इमारत बॉइल्स्टन रस्त्यावर ११५४ क्रमांकाची, संस्था तेथे १८९९ पासून आहे. वाचनालय सर्वांना विनामूल्य खुले आहे, संशोधक असण्याची अट नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पेन खिशातच राहू द्यावे, तेथे पेन्सिल चालते. संग्रहाच्या सूचीचे नावच ‘अॅबिगेल’ आहे, ती घरून पाहून हवे त्या कागदांचे क्रमांक टिपून न्यावेत आणि कामकाजाचे दिवस आधी विचारून घ्यावेत, कारण आयत्या वेळी मागितलेला कागद बाहेर निघेलच असे नाही. ज्याची प्रतिमा उपलब्ध आहे त्याचे मूळ सहसा हाती देत नाहीत, याचा राग मानू नये. मांडणीत त्या वेळी कोणत्या वस्तू आहेत हेही विचारावे, कारण कागद आणि रेशीम उजेडात फार काळ ठेवत नाहीत आणि आपण नेमके जे पाहायला गेलो ते आत पेटीत असू शकते.

परत आल्यावर पहिला कार्यक्रम कोणता करावा, असे आपण विचारले आहे. तलवारींचे प्रदर्शन नको. रुमालांतले एकच पत्र निवडा, शक्यतो ज्याचे उत्तरही सापडले आहे असे. मूळ पत्र कपाटात राहू द्या, त्याच्या मोठ्या छायाप्रती काढा, बाजूला मोडीचे बालबोध लिप्यंतर ठेवा आणि गावातल्या वीस-पंचवीस माणसांना सतरंजीवर बसवून ते ओळीओळीने वाचा. ज्या घरातून रुमाल आला त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून बोलवा आणि ते जे सांगतील ते तेथेच लिहून घ्या, त्यांच्या नावासकट. रिव्हिअरप्रमाणे त्यांनी नाव नको म्हटले, तर मात्र आपण बेल्कनॅपचा कित्ता गिरवू नये, नाव नोंदवहीत ठेवावे आणि छापण्यापूर्वी त्यांना पुन्हा एकदा विचारावे.